पुलापलीकडचं पठार

कुमुदताई तायडे कोणालाही पहिल्यांदा भेटल्या की एकच प्रश्न विचारायच्या, "तुमच्याकडे माती कशी?" माणूस पुण्याचा असो, पंजाबचा असो, नाहीतर गावातला तिसऱ्या पिढीचा कॅनेडियन गुराखी असो. पहिल्या भेटीत माझा नवरा म्हणाला, "ताई, आमच्या पेठेत माती नाही, फरशा आहेत." त्यावर त्या हसल्या नाहीत. "फरशीखाली पाहिलं का कधी?" म्हणाल्या आणि चहाचा कप घेऊन आमच्या डेकवर जाऊन उभ्या राहिल्या.

आम्ही टोरोंटोजवळच्या मार्कहॅमहून नुकतेच या गावात आलो होतो. नवऱ्याला डोंगरावरच्या तांब्याच्या खाणीत नोकरी लागली होती आणि माझं टोरोंटोच्या ऑफिसचं काम घरून चालणार होतं. ब्रिटिश कोलंबिया म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर उंच हिरवी झाडं, पाऊस आणि धबधबे होते. प्रत्यक्षात थॉम्पसन नदीच्या या खोऱ्यात उतरलो तेव्हा दोन्ही बाजूंना पिवळे-तपकिरी उघडे डोंगर, राखाडी सेजब्रशची झुडपं, आणि कार थांबवून दार उघडलं तर तोंडावर भट्टीसारखी गरम हवा. मी रडकुंडीला आले होते. शेजारच्या घरातून ओढणीने डोकं, नाक, तोंड सगळं बांधलेली एक बाई आली. फक्त डोळे दिसत होते. "काहून रडून राहिली?" ती म्हणाली. "हे तर आपलं अकोल्याचं ऊन आहे. इथं कुरडई दुपारपर्यंत वाळते."

त्या ओढणीचा एक किस्सा गावात सगळ्यांना ठाऊक होता. अकोल्याच्या मुली उन्हात स्कूटरवर तोंड बांधून जातात, तशा कुमुदताई उन्हाळाभर हिंडायच्या. एकदा तशाच बँकेत शिरल्या आणि काउंटरवरच्या मुलीने दोन्ही हात वर केले. कुमुदताईंना वाटलं, ती आळस देते आहे. त्यांनी तिला विचारलं, "झोप नाही झाली का?"

त्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून एम.एस्सी. होऊन आल्या होत्या. इथे आल्यावर पहिली काही वर्षं दुकानाच्या काउंटरवर आणि फळांच्या पॅकिंगमध्ये गेली. मग सरकारी जमीन-वापर कार्यालयात त्यांना नोकरी मिळाली आणि तिथूनच त्या रिटायर झाल्या. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेला होता. मुलगा अमोल सस्काटूनला विद्यापीठात नोकरीला होता.

त्यांच्याबरोबर गाडीतून जाणं म्हणजे खोरं वाचायला शिकणं होतं. मला जिथे नुसता ओसाडपणा दिसायचा तिथे त्यांना सतत काहीतरी चाललेलं दिसायचं. "ते खालचं हिरवं गोल दिसतं ना, ते अल्फाल्फा, गुरांचा चारा. नदीचं पाणी चाकावरच्या नळ्यांनी फिरवतात, म्हणून गोल. त्याच्या वर पाणी चढत नाही, म्हणून तिथं गुरं. त्याच्या वर पाईनची झाडं, कारण उंचीवर जरा गारवा. आणि हे मधले सपाट टप्पे पाहा, डोंगराला पायऱ्या केल्यासारखे. ही पूर्वी नदीची पातळी होती. नदी खाली खाली उतरत गेली आणि जिना मागे ठेवून गेली." इथले लोक त्या टप्प्यांना बेंच म्हणतात. ताई पठार म्हणायच्या. सबंध वर्षात इथे जेमतेम आपल्याकडच्या एखाद्या चांगल्या आठवड्याइतका पाऊस पडतो, हे त्या अशा कौतुकाने सांगायच्या, जणू त्यांनीच तो काटकसरीने पुरवून वापरला आहे.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला वेळ लागला. जवळच्या शहरात, कॅमलूप्सला, ग्रोसरीसाठी जायचं तर गावाबाहेरचा पूल ओलांडून सरळ रस्ता आहे. कुमुदताई बरोबर असल्या की तो रस्ता घेऊ द्यायच्या नाहीत. "तिकडे ट्रक फार," म्हणायच्या. मग आम्ही अलीकडच्या काठाने लांबचा वळसा घालायचो. मी एकटी असताना तो पुलाचा रस्ता घ्यायची. तिथे ट्रक फारसे नसायचे. पूल ओलांडला की डाव्या हाताला एक मोठं सपाट पठार होतं. त्यावर लाकडी खांबांच्या रांगाच्या रांगा, काही उभे, काही कललेले, आणि त्यांना अडकलेल्या काळ्या जाळीच्या चिंध्या वाऱ्यावर फडफडत असायच्या. द्राक्षमळा मोडला असेल, एवढंच मला वाटलं.

दुसरी गोष्ट दिवाळीची. कॅमलूप्समध्ये पंधरा-वीस मराठी घरं आहेत. तिथल्या पाटणकरांनी ठरवलं की या भागातल्या पहिल्या मराठी सरकारी अधिकारी म्हणून कुमुदताईंचा सत्कार करायचा. शाल आणली, नारळ आणला. चर्चचा हॉल भाड्याने घेतलेला. पाटणकर माईकवर म्हणाले, "या खोऱ्याच्या विकासात ज्यांचा सिंहाचा वाटा आहे..." आणि पाहतात तो खुर्ची रिकामी. मी शोधत गेले तर ताई मागच्या किचनमध्ये बाह्या वर करून मोठं पातेलं घासत होत्या.

"ताई, सगळे थांबलेत."

"त्यांना सांग, मला चक्कर आली."

"आली का खरंच?"

"त्या माणसाला म्हणावं, विकास हा शब्द वापरू नको." त्यांनी पातेलं इतकं घासलं की चर्चच्या बाई नंतर मला विचारायला आल्या, ते नवं आणलं का म्हणून.

पुढच्या उन्हाळ्यात अलीकडच्या डोंगराला आग लागली आणि आमचा नेहमीचा काठाचा रस्ता बंद झाला. ताईंची डोळ्यांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट होती. पुलाखेरीज इलाज नव्हता. धुराने सूर्य तांबडा झाला होता. पूल ओलांडताच ताईंनी तोंड उजवीकडे वळवलं आणि नदीकडे पाहत राहिल्या. मी सहज म्हणाले, "हे डावीकडचं काय हो? मळा होता का?"

ताईंनी मान वळवली नाही. थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, "थांब जरा."

मी गाडी कडेला घेतली. त्यांनी मान वळवून पहिल्यांदा त्या खांबांकडे पाहिलं.

"जिनसेंग," त्या म्हणाल्या. "औषधी मुळी. तिला सावली लागते. पूर्वेकडच्या जंगलातली ती. इथं सावली कुठली? म्हणून सगळ्या पठारावर काळी जाळी अंथरली होती. समोरच्या काठावरून पाहिलं की डांबराचं तळं वाटायचं. एक पीक यायला तीन-चार वर्षं लागतात, आणि एकदा काढलं की त्या जमिनीत ती पुन्हा येत नाही. मग भाव पडला आणि मालक निघून गेले. खांब राहिले."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी इथं बिटररूट होतं. कडू मुळी. वीतभरसुद्धा उंच नसते. वसंतात पानं येतात, मग पानं वाळून जातात आणि जमिनीला टेकून गुलाबी फूल येतं. फूल यायच्या आधी इथल्या मूळ लोकांच्या बाया येऊन ती खणायच्या. सोलून, वाळवून ठेवायच्या. शेकडो वर्षं."

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. माझ्याकडे न पाहता, सरळ समोरच्या काचेकडे पाहून.

त्या नोकरीला नव्या होत्या, प्रोबेशनवर. ही सरकारी जमीन जिनसेंगसाठी भाडेपट्ट्याने द्यायची होती आणि पाहणीचं काम त्यांच्याकडे आलं. एप्रिलमध्ये त्या एकट्या गाडी घेऊन इथे आल्या, तर पठारावर सात-आठ बायका वाकून लांब काठ्यांनी जमीन खणत होत्या. पोरं होती, एका बाजूला चुलीवर किटली होती. "माझी आई अशीच जायची ग पडीत जमिनीवर, तरोट्याची भाजी खुडायला. मला काय चाललंय ते कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यातल्या एका बाईने मला पाहून हात केला. या, म्हणून. मी गाडीतून उतरले नाही. गाडी वळवली आणि परत गेले."

नंतर गावच्या हॉलमध्ये सभा झाली. जाताना गाडीतच वरिष्ठ म्हणाले, या लोकांच्या वापराची कुठे नोंद नाही, तेव्हा वापर नाही असंच सांगायचं. सभेत अध्यक्षांनी ताईंना विचारलं, ही जमीन कोणाच्या वापरात आहे का?

"मी म्हटलं, नाही."

बाहेर राख बर्फासारखी काचेवर पडत होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "ताई, तुमची नोकरी गेली असती."

"गेली असती, नाहीतर नसतीही गेली. कोणी गळ्यावर सुरी नव्हती ठेवली. 'हो' म्हणायलाही तेवढाच वेळ लागला असता." मग म्हणाल्या, "ती हात करणारी बाई मागच्या रांगेत बसली होती. मी खाली पाहिलं. चल आता, डॉक्टर थांबणार नाही."

त्या दिवसानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मीही काढला नाही. पण आम्ही पुलाच्या रस्त्याने जाऊ लागलो. त्या आता डावीकडे पाहायच्या. पूर्ण पठार संपेपर्यंत पाहायच्या.

पुढच्या वर्षी त्या पठाराचा विषय पुन्हा निघाला. एका कंपनीला तिथे भाड्याची कॅबिन्स, वाईन चाखायचं घर आणि मोठ्या मोटरहोम्ससाठी जागा करायची होती. त्याच हॉलमध्ये सभा. ताईंनी मला सोबत यायला सांगितलं. "बोलणार नाही मी. ऐकून यायचं नुसतं."

हॉल भरला होता. पुढे दुकानदार आणि गुरांचे मालक, मागे भिंतीलगत नदीपलीकडच्या राखीव वसाहतीतले मूळ लोक. कंपनीचा तरुण सल्लागार स्लाइड्स दाखवत होता. एका स्लाइडवर तो थांबला आणि म्हणाला, "ही जमीन कधीच कोणाच्या वापरात नव्हती. पूर्वीच्या सभेत सरकारी अधिकाऱ्यांनी स्वतः तसं सांगितलेलं आहे." आणि त्याने ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. नाव वाचलं नाही.

माझ्या शेजारची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कुमुदताई उभ्या होत्या. माईक त्यांच्यापर्यंत येईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. त्यांचं इंग्रजी इतक्या वर्षांनंतरही अकोल्याचंच राहिलं होतं, पण आवाज स्वच्छ ऐकू आला.

"ती अधिकारी मी आहे. ते वाक्य खोटं होतं. मी इथल्या बायकांना त्या जमिनीवर काम करताना पाहिलं होतं. मी पाहिलं होतं आणि नाही म्हणाले."

सल्लागाराने लॅपटॉपकडे पाहिलं, जणू उत्तर तिथे असावं. कोणी खोकलं. मग मागच्या भिंतीजवळून, बसूनच, एक वयस्क बाई बोलली. तिचं नाव रोझ, हे मला नंतर कळलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी तुला हात केला होता."

"हो," कुमुदताई म्हणाल्या.

"मला वाटलं, तुला दिसलं नसेल. इतकी वर्षं मी घरी तसंच सांगत आले. त्या बाईला ऊन लागत असेल डोळ्यांवर, तिला दिसलं नसेल."

कुमुदताई अजून उभ्याच होत्या. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहून आभार मानले आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. पुढचा वक्ता पार्किंगबद्दल बोलला.

घरी येताना ताई गाडीत एकच वाक्य बोलल्या. "ती माझ्यासाठी सबब शोधत होती ग. इतकी वर्षं."

बातमी कॅमलूप्सपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. पाटणकरांचा मला फोन आला. "काय गरज होती? कोणी नाव तरी घेतलं होतं का त्यांचं? आपल्या लोकांबद्दल इथे काय मत होईल?" अमोलने सस्काटूनहून फोन केला तेव्हा मी ताईंच्याच किचनमध्ये होते. स्पीकरवर त्याचा आवाज येत होता. "आई, व्हॉट वॉज द नीड? यू आर रिटायर्ड. एव्हरीवन डिड इट दोज डेज."

"सगळ्यांचं मला माहीत नाही," ताई पोळी उलटत म्हणाल्या. "मी केलं."

कंपनीला सगळं पठार मिळालं नाही. रस्त्यालगतचा खालचा तुकडा मिळाला. वरचा मोठा भाग रोझच्या लोकांच्या देखरेखीखाली गेला. ताईंच्या बोलण्याने तसं झालं की आधीच ठरलं होतं, कोण जाणे. मी एकदा म्हणाले, तुमच्यामुळे झालं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुन्हा ते बोलले नाही.

जमीन मिळाली, पण तिच्यात काय उरलं होतं? वरची माती यंत्राने कधीच खरवडली गेली होती. सगळीकडे जांभळ्या फुलांचं काटेरी तण माजलं होतं, आणि वीतभर खोल जिथे हात घालावा तिथे काळ्या जाळीचे तुकडे निघायचे. प्लास्टिकचे, न कुजणारे. एक दिवस ताई वसाहतीच्या कार्यालयात गेल्या. मी गाडी चालवत होते म्हणून मीही. रोझ तिथेच होती. ताईंनी विचारलं, "ती जाळी वेचायला मी येऊ का?"

रोझने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "वेचणाऱ्याला आम्ही नको म्हणत नाही. पण फोटो काढायचे नाहीत. आणि कुठे त्यावर भाषण करायचं नाही."

"नाही करणार."

"आणि वरच्या दगडांकडे जायचं नाही. तिथे थोडी मुळी शिल्लक आहे."

"नाही जाणार."

तेव्हापासून दर शनिवारी सकाळी कुमुदताई पठारावर जाऊ लागल्या. तोंडाला ओढणी, हातात खुरपं, एक उशी गुडघ्यांखाली घ्यायला. हातमोजे घालायच्या नाहीत, मातीतलं प्लास्टिक बोटांना लवकर कळतं म्हणायच्या. मी त्यांना सोडायला जायची आणि कधी तासभर थांबून मदत करायची. खेचायला जावं तर जाळी तुटायची आणि आणखी बारीक व्हायची. ताई तिला मातीतून अशा सोडवायच्या जसा गुंता केसातून सोडवतात. भरलेल्या पिशव्या रस्त्याच्या कडेला ठेवायच्या.

काही आठवडे झाल्यावर एका शनिवारी रोझचा पिकअप ट्रक रस्त्यावर थांबला. ती उतरली, पिशव्या उचलून मागे टाकल्या आणि निघून गेली. पुढच्या शनिवारीही तेच. मग तो नेमच झाला. ताई भरायच्या, रोझ कचऱ्याच्या डंपवर न्यायची. बोलणं असं नव्हतंच. "वारा आहे." "हो, आहे." एवढंच. वसंतात वसाहतीतल्या बायका वरच्या दगडांपाशी खणायला आल्या. त्यांचं हसणं खालपर्यंत ऐकू यायचं. त्यांनी ताईंना बोलावलं नाही आणि ताईंनी मान वर केली नाही. पण परतताना गाडीत म्हणाल्या, "पोरं होती ना बरोबर? मला आवाज आला."

मग ताईंचे गुडघे गेले. एकदा पायऱ्यांवर पडल्याही. अमोल आला, घर विकायला लावलं, सस्काटूनला त्याच्या घराच्या खालच्या मजल्यावर त्यांची सोय केली. ताईंनी वाद घातला नाही. सामान अमोल पुढे घेऊन गेला. ताईंना मी कॅमलूप्सच्या विमानतळावर सोडायचं ठरलं. दिवस नेमका शनिवार. विमान दुपारचं होतं.

"तासभर जाऊ," त्या म्हणाल्या.

प्रवासाचे कपडे घालून त्या पठारावर उशीवर बसल्या आणि एक पिशवी भरली. वाकताना त्यांना किती त्रास होत होता ते दिसत होतं. रोझचा ट्रक आला. तिने पिशवी उचलली, ताईंच्या कपड्यांकडे पाहिलं. "चांगली साडी आहे."

"हो."

"पुढच्या शनिवारी?"

"हो," ताई म्हणाल्या.

आम्ही निघालो. चार-पाच मिनिटं झाली असतील, ताई मांडीवर हात ठेवून समोर पाहत होत्या. अचानक म्हणाल्या, "गाडी वळव."

"विमान चुकेल ताई."

"चुकू दे. वळव म्हणते ना."

रोझ अजून तिथेच होती, ट्रकच्या मागच्या फळीला दोरी बांधत. ताई उतरल्या. रस्त्यावर धूळ उडत होती म्हणून माझ्या काचा बंद होत्या. मला फक्त दिसत होतं. ताई काहीतरी सांगत होत्या, मान खाली घालून. रोझने दोरी सोडली. मग तीच बराच वेळ बोलत राहिली, हात हलवत, एकदा पठाराकडे आणि एकदा ताईंकडे बोट करत. शेवटी ती ट्रकमध्ये बसली आणि जोरात दार लावलं. ताई धुळीत उभ्या राहिल्या. ट्रक वळणाआड गेल्यावर परत आल्या.

सीटबेल्ट त्यांना लागेना. मी लावून दिला. नदीकाठाने खूप पुढे गेल्यावर मी विचारलं, "काय म्हणाली?"

"रागावली," ताई म्हणाल्या. "म्हणाली, जाते आहेस हे तू सांगितलं नसतंस तर मी पुढच्या शनिवारी इथं येऊन बसले असते, दुपारपर्यंत वाट पाहिली असती, आणि मग पुन्हा घरी जाऊन तुझ्यासाठी काहीतरी कारण शोधलं असतं. आता मला म्हातारीला कारणं शोधायला लावू नको म्हणाली." थोड्या वेळाने म्हणाल्या, "खूप रागावली ग."

विमान चुकलं नाही. विमानतळ छोटा आहे, तपासणीची रांग काचेतून बाहेरच्यांना दिसते. मी तिथे थांबले. ताईंची पाळी आली तेव्हा तिथल्या मुलीने हातातली पट्टी पुढे करून त्यांना काहीतरी सांगितलं. हात दाखवा, असंच म्हणाली असणार, स्फोटकांचा अंश तपासायला त्यावरून ती पट्टी फिरवतात. ताईंनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. बोटं, नखं, तळव्याच्या रेघा, सगळं पठाराच्या मातीने भरलेलं होतं. त्यांनी झटकन दोन्ही हात पदराखाली घेतले. मुलगी थांबली. मागची माणसं थांबली. ताईंनी एकदा मागे वळून पाहिलं, मला शोधलं असेल किंवा नसेल. मग त्यांनी पदर बाजूला केला आणि ते हात तसेच, तळवे वर करून, तिच्यापुढे धरले.